पेरोव्स्काइट : पाण्याला भिणारा सौरघट

जुलै महिन्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत चमचा घालून पाहा. उन्हाळ्यात भुरभुर सांडणारे मीठ आता चमच्याला चिकटते आणि बरणीच्या तळाशी त्याचा चिखल होतो. आई म्हणते, "मिठाला पाणी सुटलं." खरे तर पाणी मिठातून सुटत नाही, ते हवेतून येते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतली वाफ ओढून घेते आणि त्याच पाण्यात स्वतः विरघळू लागते. बोरिवली काय, अंधेरी काय, मुलुंड काय, भर पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस याहून अधिकच असते. एकट्या जुलैत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी आठशे मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस मोजला जातो!

आता असा एक सौरघट कल्पनेत आणा, की ज्यातला मुख्य पदार्थ मिठाचाच भाऊबंद आहे. तो द्रावणातून मिठासारखाच स्फटिकरूप होतो. बनवायला सोपा, उन्हातून वीज काढण्यात तरबेज. पण दमट हवा लागली की त्याचा जीव जातो. असा घट मुंबईच्या गच्चीवर टिकेल का?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. पवईच्या आय.आय.टी.मध्ये २०१० साली सौर विद्युत संशोधन व शिक्षणाचे एक राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. तेथील शास्त्रज्ञ याच पदार्थावर काम करीत आहेत. त्याचे नाव पेरोव्स्काइट.

गच्चीचे गणित

प्रथम एक साधा हिशेब करू. उपनगरातल्या एखाद्या सोसायटीची गच्ची डोळ्यांसमोर आणा. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, वाळत घातलेल्या कुरडया, आणि दुपारनंतर शेजारच्या उंच इमारतीची सावली. हे सगळे वगळून समजा १०० चौरस मीटर जागा उरली. लख्ख उन्हात दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊर्जा येते. म्हणजे आपल्या गच्चीवर १०० किलोवॉट ऊन पडते. सौरफलकाची कार्यक्षमता २० टक्के असेल, तर त्यातून २० किलोवॉट वीज मिळेल. तीच ३० टक्के झाली, तर ३० किलोवॉट.

राजस्थानच्या वाळवंटात वीज कमी पडली, तर आणखी चार फलक मांडता येतात. घाटकोपरला गच्ची वाढवता येत नाही. म्हणून कार्यक्षमतेचा एकेक टक्का आपल्याला इतरांहून अधिक मोलाचा आहे.

मग सिलिकॉनचाच घट आणखी सुधारला तर? सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्याची कार्यक्षमता ६ टक्के होती. तेव्हापासून तो इतका सुधारला आहे, की प्रयोगशाळेतल्या उत्तम घटाने २७ टक्क्यांच्या आसपास मजल मारली आहे. पण सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९.४ टक्के आहे. घोडा आता भिंतीपाशी येऊन ठेपला म्हणायचे.

ही भिंत कशाची? ती समजण्यासाठी बसच्या कंडक्टरची आठवण करा. भाड्यापेक्षा कमी पैसे दिलेत, तर तिकीट मिळत नाही. मोठी नोट दिलीत, तर तिकीट एकच मिळते आणि "सुटे नाहीत" म्हणून वरचे पैसे बुडतात. अर्धसंवाहकाचा कारभार अगदी असाच असतो. त्यातला इलेक्ट्रॉन जागचा सुटून वीज वाहून नेण्यास मोकळा व्हायचा, तर त्याला ठरावीक ऊर्जा द्यावी लागते. तिला ऊर्जा-फट म्हणतात. प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा याहून कमी असेल, तर तो काही न करता आरपार जातो. जास्त असेल, तर एकच इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते.

फोटॉनची ऊर्जा काढायला एक सोपे सूत्र आहे. १२४० या संख्येला तरंगलांबीने (नॅनोमीटरमध्ये) भागा, उत्तर इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये येते. जांभळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० नॅनोमीटर, म्हणून त्याच्या फोटॉनची ऊर्जा ३.१. सिलिकॉनचे 'भाडे' आहे १.१. म्हणजे जांभळ्या फोटॉनमागे २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट बुडाले! ज्या पेरोव्स्काइटविषयी आपण बोलणार आहोत, त्याचे भाडे सुमारे १.६ आहे. तेथे १.५ च बुडतात. पण त्याचीही एक अडचण आहे. १२४० ला १.६ ने भागून पाहा. ७७५ नॅनोमीटरहून लांब लहरींना, म्हणजे सगळ्या अवरक्त प्रकाशाला, येथे तिकीटच नाही.

उपाय तुम्हाला आता सुचलाच असेल. पेरोव्स्काइट वर ठेवायचा आणि सिलिकॉन खाली. मोठ्या नोटा वरच्याने घ्याव्यात, त्याच्यातून आरपार गेलेली चिल्लर खालच्याने गोळा करावी. अशा घटाला जोडघट म्हणू. एकेरी घटाची मर्यादा जेमतेम ३३ टक्के, पण दोन थरांच्या घटाची सुमारे ४५ टक्के आहे.

उरल पर्वतातून योकोहामाला

पेरोव्स्काइट हे नाव मूळचे एका खनिजाचे. १८३९ साली गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला रशियातल्या उरल पर्वतातून आलेल्या नमुन्यांत ते आढळले, आणि त्याने लेव्ह पेरोव्स्की या रशियन सरदाराचे नाव त्याला दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग. त्याचा सौरघटाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो त्याच्या अणूंच्या मांडणीशी. तशीच मांडणी असलेल्या सगळ्याच पदार्थांना आता पेरोव्स्काइट म्हणतात.

एक घन काढा. त्याच्या आठही कोपऱ्यांवर शिशाचे अणू ठेवा. प्रत्येक कडेच्या मध्यावर आयोडीनचा अणू ठेवा. घनाच्या मध्यभागी जी पोकळी उरते, तीत एक 'पाहुणा' बसवा. हा पाहुणा मिथिल अमोनियमसारखा सेंद्रिय आयन असतो किंवा सिझियमसारखा धातूचा. १९७८ साली जर्मनीत डीटर वेबर याने मिथिल अमोनियम घालून शिशाचे असे पेरोव्स्काइट बनवले होते. त्यातून वीज काढावी, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही.

ते आले जपानमध्ये. योकोहामाच्या एका विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या प्रयोगशाळेत अकिहिरो कोजिमा नावाचा एक विद्यार्थी काम करीत असे. त्यांनी २००९ साली या पदार्थाचा पहिला सौरघट जाहीर केला. कार्यक्षमता ३.८ टक्के! शिवाय घटात जो द्रव विद्युत्-विच्छेद्य भरला होता, त्यात हा पदार्थ विरघळे आणि काही मिनिटांतच घट बंद पडे. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही, यात नवल नाही. २०१२ साली द्रवाच्या जागी घन पदार्थ वापरून कोरिया, स्वित्झर्लंड आणि इंग्लंड येथल्या संशोधकांनी कार्यक्षमता १० टक्क्यांच्या घरात नेली, तेव्हा मात्र सगळे खडबडून जागे झाले. आज ती २६ टक्क्यांच्या पुढे आहे. सिलिकॉनला या प्रवासाला पन्नासहून अधिक वर्षे लागली होती.

मिठागर आणि खड्डे

पूर्व द्रुतगती महामार्गाने जाताना मुलुंड-भांडुपच्या बाजूला पूर्वी मिठाचे पांढरे ढीग दिसत. आता त्यांतली बरीचशी मिठागरे बंद पडली आहेत. खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने ते आटले की मीठ गोळा करायचे. पेरोव्स्काइटचा थर अशाच रीतीने होतो. शिशाचे आयोडाइड आणि पाहुण्याचे आयोडाइड एका द्रावकात विरघळवतात, ते द्रावण काचेवर पसरतात, आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसला तापवतात. द्रावक उडून जातो, मागे काळपट तपकिरी स्फटिकांचा थर राहतो. सिलिकॉन वितळवायला १४०० अंशांहून अधिक तापमानाची भट्टी लागते, ही तुलना ध्यानात ठेवा. जाडीचेही तसेच. सिलिकॉनची चकती सुमारे १५० मायक्रोमीटर जाड असते. पेरोव्स्काइटचा थर अर्धा मायक्रोमीटर पुरतो. आपला केससुद्धा त्याच्या शंभरपट जाड असतो.

पण मिठागरातले मीठ ओबडधोबड असले तरी चालते. घटातला थर तसा असून चालत नाही. दोन ताटल्यांत मिठाचे द्रावण घेऊन एक उन्हात आणि एक झाकून सावलीत ठेवा. उन्हातल्या ताटलीत बारीक स्फटिक पुष्कळ दिसतील. सावलीतल्या ताटलीत मोठे स्फटिक होतील, पण मोजकेच, आणि त्यांच्यामधली ताटली कोरी असेल. सौरघटात अशी कोरी जागा राहिली, तर वरचा आणि खालचा थर एकमेकांना भिडून घट वाया जातो. दक्षिण कोरियाच्या संग इल सोक यांनी २०१४ साली यावर एक युक्ती काढली. काच भोवऱ्यासारखी फिरत असतानाच तिच्यावर अशा एका द्रवाचे थेंब टाकायचे, की ज्यात ही संयुगे विरघळत नाहीत. त्यासरशी सगळीकडे एकाच वेळी असंख्य बीजे पडतात आणि थर गच्च भरतो.

तरीही जेथे दोन स्फटिकांच्या कडा भेटतात, तेथे काही अणू जागेवर नसतात. इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने हे रस्त्यातले खड्डे होत. उपनगरात राहणाऱ्यांना खड्डा काय करतो ते सांगायला नको! उन्हाने सुटलेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधीच खड्ड्यात पडतो, आपल्या रिकाम्या जागेला जाऊन मिळतो आणि त्याच्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून थरावर काही खास सेंद्रिय रेणूंचा हात फिरवतात. हे रेणू नेमके त्या मोकळ्या अणूंना जाऊन चिकटतात आणि खड्डे बुजतात. गेल्या काही वर्षांत कार्यक्षमता वाढली, तिचे मोठे श्रेय या खड्डे बुजवण्याच्या कामाला आहे. त्याचा दुसराही लाभ असा, की ओलावा आणि ऑक्सिजन आत शिरतात तेही बहुधा याच वाटांनी.

काळे पिवळे का पडते?

दहावीच्या प्रयोगशाळेत शिशाच्या नायट्रेटमध्ये पोटॅशियम आयोडाइड घातले, की सुंदर पिवळा अवक्षेप मिळतो. तो शिशाच्या आयोडाइडचा. बिघडलेल्या पेरोव्स्काइट घटातही हाच पिवळा रंग दिसतो. पाण्याचे रेणू आत शिरले, की मध्यभागी बसलेला मिथिल अमोनियम पाहुणा बाहेर पडतो, पिंजरा मोडतो आणि शिशाचे आयोडाइड तेवढे मागे राहते. काळ्या थराचा पिवळा झाला, की समजावे, घट संपला.

नुसती उष्णताही हे करू शकते. उन्हाळ्यात गच्चीवरचा फलक ६० अंशांच्याही वर तापतो, आणि मिथिल अमोनियम तर वायू होऊन निसटायला टपलेलाच असतो. मग दुसरा पाहुणा घ्यावा म्हटले, तर तो पिंजऱ्यात मावला पाहिजे. मावतो की नाही, हे ठरवण्याचे गणित गोल्डश्मिट या शास्त्रज्ञाने १९२६ साली, सौरघटाचा मागमूसही नसताना, मांडून ठेवले आहे.

मघाच्या घनाची बाजू 'क' धरा. शिशापासून आयोडीनचे अंतर क÷२ आहे. मध्यापासून कडेच्या मध्यापर्यंतचे, म्हणजे पाहुण्यापासून आयोडीनचे अंतर क÷√२ आहे. पायथागोरसच्या सिद्धान्ताने ते पडताळून पाहा. या दोन अंतरांचे गुणोत्तर √२ येते. म्हणून पाहुण्याची आणि आयोडीनची त्रिज्या मिळवा, तिला शिशाच्या व आयोडीनच्या त्रिज्यांच्या बेरजेच्या √२ पटीने भागा. उत्तर १ आले, तर पाहुणा अगदी चपखल बसला. ०.८ ते १ च्या दरम्यान आले, तर पिंजरा थोडाफार वाकून का होईना, उभा राहण्याचा संभव असतो.

सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग हे एकक घेतले, तर शिशाची त्रिज्या १.१९ आणि आयोडीनची २.२० आहे. म्हणजे भाजक १.४१४ × ३.३९ = ४.७९. मिथिल अमोनियमची त्रिज्या २.१७, म्हणून ४.३७ ÷ ४.७९ = ०.९१. ठीक. फॉर्मामिडिनियम हा उष्णता अधिक सोसणारा पाहुणा आहे. त्याची त्रिज्या २.५३, उत्तर ०.९९. कागदावर हे उत्तम दिसते, पण प्रत्यक्षात तो जरा मोठाच ठरतो आणि साध्या तापमानाला पदार्थ हळूहळू निरुपयोगी पिवळ्या रूपात जातो. सिझियम उष्णतेला मुळीच भीत नाही. पण त्याची त्रिज्या १.८८, उत्तर ०.८५. तो पिंजऱ्यात सैल पडतो आणि तोही पिवळा होतो.

मग दोघांना मिसळले तर? ८० भाग फॉर्मामिडिनियम आणि २० भाग सिझियम घेतले, तर सरासरी त्रिज्या २.४० आणि उत्तर ०.९६ येते. एक थोडा मोठा, एक थोडा लहान, दोघे मिळून पिंजरा सावरून धरतात. आज टिकाऊ समजले जाणारे बहुतेक घट अशा मिश्रणाचेच असतात.

पाणी आणि उष्णता झाली, आता राहिला खुद्द प्रकाश. जोडघटातल्या वरच्या थराचे 'भाडे' थोडे वाढवण्यासाठी आयोडीनमध्ये ब्रोमीन मिसळतात. २०१५ साली असे आढळले, की प्रकाश पडताच ब्रोमीन फार असलेल्या मिश्रणात आयोडीन एकीकडे आणि ब्रोमीन दुसरीकडे जमू लागतात. अंधार केला की पुन्हा मिसळतात! जो पदार्थ उन्हात ठेवायचा, तोच उन्हाने फुटून वेगळा व्हावा, हा दुर्दैवाचा भाग. सिझियम घातल्याने आणि ब्रोमीन बेताने वापरल्याने हे पुष्कळसे आवरते.

पवईचा जोडघट

आता पुन्हा पवईच्या तलावाकाठी येऊ. प्राध्यापक दिनेश काबरा यांच्या गटाने २०२३ साली जाहीर केले, की त्यांनी पेरोव्स्काइटचा अर्धपारदर्शक घट बनवला असून त्याची कार्यक्षमता १७ टक्क्यांहून अधिक आहे. तो सिलिकॉनच्या घटावर ठेवल्यावर दोघांची मिळून कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या पुढे गेली. २०२५ मध्ये हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास पोचल्याचे जाहीर झाले. जगातला उच्चांक याहून वर आहे. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ साली जोडघटात ३४.६ टक्के गाठले, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीचे पहिले जोडफलक ग्राहकाकडे रवाना झाले.

पवईच्या घटातली एक गोष्ट मला विशेष आवडते. तो चार टोकांचा आहे, म्हणजे वरच्या घटाच्या दोन तारा वेगळ्या आणि खालच्याच्या दोन वेगळ्या. दोन टोकांच्या घटात दोन्ही थर एकसरीत जोडलेले असतात. स्टेशनच्या पुलावर एकामागोमाग दोन दरवाजे असले, तर अरुंद दरवाजातून जितकी माणसे जातील तितकीच शेवटी बाहेर पडतात. तसा एका थरातला प्रवाह कमी झाला, की दुसऱ्यालाही तेवढ्यावरच थांबावे लागते. ढगाळ हवेत प्रकाशातल्या रंगांचे प्रमाण बदलते, आणि आपल्याकडे ढग चार महिने! चार टोकांच्या घटात वरचा अडला तरी खालचा आपले काम करीत राहतो. तारा आणि पारदर्शक थर जास्त लागतात, खर्च वाढतो, हे खरे. तरीही मुंबईसाठी ही रचना मला शहाणपणाची वाटते.

टिकाऊपणाचे काय? सिलिकॉनच्या फलकाला कारखानदार बहुधा २५ वर्षांची हमी देतात. पंचवीस वर्षे उघड्यावर काढलेला पेरोव्स्काइट फलक जगात कोठेही नाही. असणार कसा? पहिला घटच २००९ चा. म्हणून घाईच्या परीक्षा घ्याव्या लागतात. त्यांतली एक प्रसिद्ध आहे : ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, आणि त्यात सलग १००० तास. म्हणजे जवळजवळ ४२ दिवस. आपल्या जुलै महिन्याला चुलीवर चढवल्यासारखेच हे झाले. दोन काचांमध्ये नीट बंद केलेले काही घट ही परीक्षा पास झाले आहेत. पण गच्चीवर रोज रात्रही होते. रात्रीच्या विश्रांतीने काही बिघाड भरून येतो, तर काही बिघाड तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनीच वाढतो. बंद खोलीतली परीक्षा हे सगळे सांगत नाही.

काचेची कड पक्की का हवी, याला दुसरेही कारण आहे. या पदार्थात शिसे आहे, आणि शिसे विषारी असते. किती आहे ते काढू. एक चौरस मीटरवर अर्धा मायक्रोमीटर जाडीचा थर म्हणजे अर्धा घन सेंटिमीटर पदार्थ. घनता सुमारे ४, म्हणून वजन २ ग्रॅम, आणि त्यात शिसे एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.७ ग्रॅम. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत कित्येक किलो शिसे असते. एवढ्यावरून काही लोक म्हणतात, की काळजी नको. मला हे पटत नाही. बॅटरी पेटीत बंद असते आणि जुनी झाली की भंगारवाला पैसे देऊन नेतो. फुटलेल्या फलकातले शिसे पावसाबरोबर गच्चीवरून गटारात जाईल. म्हणून फुटल्यावर शिसे धरून ठेवणारे थर बनवण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

फलकाची कड बंद करणे किती अवघड आहे, ते येत्या पावसाळ्यात घरीच पाहा. दोन चमचे मीठ कोरड्या तव्यावर परतून घ्या आणि गार होताच तीन बशांत सारखे पसरा. एक बशी उघडी ठेवा. दुसरीवर काचेचा तुकडा नुसता ठेवा. तिसरीवर काच ठेवून कडेने मेणबत्तीचे मेण सोडा. मेण गरम असते, म्हणून हे काम मोठ्या माणसासमोर करा. तिन्ही बशा खिडकीत ठेवून आठ दिवस रोज त्यांच्याकडे पाहा. उघड्या बशीतले मीठ एक-दोन दिवसांतच ओले होईल. तिसऱ्या बशीत जर एखाद्याच कोपऱ्यातले मीठ ओलसर दिसले, तर भिंग घेऊन तेथले मेण तपासा. फट तिथेच सापडेल.